खांद्यावरची थाप

डॉक्टर मृण्मयी सबनीस ‘आशा’ हा शब्द दुसऱ्यांदा बोलल्या, तेव्हा दर्शनाने मांडीवरची पर्स जरा घट्ट धरली. या शब्दाने तिचे बरेच हाल केले होते. तिचा नवरा निकेश पडून पायांनी लुळा झाला त्याला वीस-एक वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात कोणी ना कोणी आशा घेऊन घरी आलं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. कोणी तेल आणलं, कोणी अंगारा. परराज्यातल्या एका दवाखान्यात तर स्टेम सेलच्या नावाखाली त्याच्या पाठीत सुया टोचल्या होत्या. त्यातून ताप तेवढा आला. आशा आली की घरात दोन-तीन महिने सणासारखे जायचे. मग ती निघून गेली की निकेश भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि त्याला पुन्हा माणसात आणायचं काम दर्शनाकडे यायचं. म्हणून खारघरच्या या नव्या केंद्रातून बोलावणं आलं, तेव्हा तिला आनंदाच्या आधी थकवाच आला. हे तिने कोणाला सांगितलं नाही. बायकोने सांगावं असं ते नव्हतंच.

डॉक्टर मात्र भाबड्या नव्हत्या. त्यांनी टॅबवर चित्र काढून नीट समजावलं. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून खाली अंगभर निरोप नेणारा दोर. निकेशचा तो छातीच्या पातळीला चिरडला गेला होता. जखम ताजी असती तर गोष्ट वेगळी होती. जुन्या जखमेच्या जागी व्रण धरतो, वर्षानुवर्षं घट्ट होत त्याची भिंत बनते आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे तंतू कामाविना आखडून जातात. आता तो व्रण सैल करणारं औषध निघालं होतं. निकेशच्या दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत उलट्या वाटेने मागे नेऊन मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, करायच्या, अजून ज्यांचं काहीच ठरलेलं नाही अशा. मग त्यांना मज्जापेशी होण्याच्या मार्गाला लावायचं आणि मऊ जेलमध्ये बसवून सैल झालेल्या व्रणाच्या फटीत सोडायचं. पेशी त्याच्याच, त्यामुळे शरीर त्यांना परकं समजून हाकलणार नव्हतं.

‘पण त्या कोऱ्या असतात,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘कोणाचा निरोप कोणाला द्यायचा हे त्यांना ठाऊक नसतं. वरून एक खूण आली आणि त्याच क्षणी खालून पाय हलल्याची खबर आली, असं पुन्हा पुन्हा झालं की त्या दोन टोकांची गाठ मारतात. वर्ष-सव्वा वर्ष हे शिकणं चालतं. मग त्यांच्याभोवती एक जाळं धरतं आणि लागलं ते वळण कायमचं. घरात नवी सून येते ना, तसंच.’

दर्शनाला या उपमेचं हसू आलं. तीही कळव्यातल्या मागच्याच गल्लीतून मढवींच्या घरात आली होती आणि लग्नानंतर दीड वर्षाने नवरा पडला तेव्हा तिला जे वळण लागलं, ते अजून सुटलं नव्हतं.

वरची खूण म्हणजे निकेशची इच्छा. केंद्रात यंत्राचा सांगाडा त्याचे पाय हलवणार, त्याच वेळी त्याने मनातून जोर लावायचा. घरी सांगाड्याच्या जागी दर्शना. त्याने ठरवायचं, तिने पाय उचलायचा. निकेशने सही करायला पेन मागितलं तेव्हा दर्शनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पर्समधून पेन काढून दिलं.

निकेश गोविंदा होता हे इथेच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात अडकलेलं आहे. त्यांच्या पथकात दोन रिती होत्या. वर चढणाऱ्याने खालच्याच्या खांद्यावर आधी थाप द्यायची आणि मग पाय ठेवायचा, म्हणजे खालचा श्वास धरून घट्ट उभा राहतो. दुसरी रीत खालच्यासाठी. त्याला आता पेलवत नाही असं वाटलं, तर त्याने वरच्याच्या पावलावर दोनदा थापटायचं. थापटलं की वरच्याने उतरायचं, लगेच. का, म्हणून विचारायचं नाही. दर्शना लग्नाआधी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने पथकाचा सराव बघायची, तेव्हापासून तिला हे पाठ होतं.

ज्या दहीहंडीला निकेश पडला, त्या दिवशी खालून त्याच्या पावलावर थाप आली होती. दोनदा. हंडी वीतभर उरली होती आणि त्याला वाटलं, एवढा एक क्षण. हे त्याने फक्त दर्शनाला सांगितलं, तेही एकदाच, पहिल्या वर्षी. त्यानंतर त्या दिवसाचा विषय घरात निघाला नाही.

पडल्यावर आपले पाय कुठे आहेत ते निकेशला कळेनासं झालं. दर्शना कूस बदलायला आली की तो दचकायचा. कोणीतरी न विचारता आपलं अर्धं अंग उचलून नेतंय, असं त्याला व्हायचं. मग एक दिवस तिने डावा पाय हलवण्याआधी त्याच्या डाव्या खांद्यावर थाप दिली, आधी तळहात आणि मग बोटं, अगदी पथकातल्यासारखी. ‘उचलते हं,’ म्हणाली. तो दचकला नाही. तेव्हापासून डावा पाय हलवायचा तर डावा खांदा, उजवा हलवायचा तर उजवा, असं चालू झालं. दोन-दोन तासांनी कूस बदलणं, आंघोळ, कपडे, शौच, खुर्चीत बसवणं, खुर्चीतून उठवणं. नुसत्या हातांच्या जोरावर सरकून त्याला खुर्चीत बसता यायचं, सुरुवातीला दवाखान्यात तसं शिकवलंही होतं. पण दर्शना घरात असताना कशाला, म्हणून त्याने ते कधी केलं नाही. सगळं थापेनेच व्हायचं. आपण श्वास घेतो हे कोणी डॉक्टरला सांगत नाही, तसं या दोघांनी थापेबद्दल कोणाला सांगितलं नाही. चूक म्हणाल तर एवढीच झाली.

पेशी सोडल्या गेल्या. जखम भरली, व्यायाम सुरू झाला आणि पुढचे सहा-सात महिने काहीही घडलं नाही. तळपायाला कापूस लावला की निकेश म्हणायचा, काहीतरी आहे, कुठे ते सांगता येत नाही. पाय मात्र ढिम्म. तो डोळे मिटून, दात आवळून जोर लावायचा आणि पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ जायची. दर्शनाला ते बघवायचं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे दिवस जवळ आले, हे तिने ओळखलं होतं.

एक दिवस तपासणी संपली, तंत्रज्ञ मुलगी तारा काढायला लागली आणि दर्शना नेहमीसारखी त्याला बाकावरून खुर्चीत घ्यायला पुढे झाली. तिने डाव्या खांद्यावर थाप दिली, ‘उचलते हं’ म्हणाली, आणि ती वाकायच्या आत निकेशचा डावा गुडघा आपला आपण वर आला.

डॉक्टरांनी तिला पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा गुडघा वर आला. उजव्या खांद्यावर थाप दिल्यावर उजवा. निकेश आपल्याच गुडघ्याकडे असा बघत होता, जसा काही तो शेजाऱ्याचा आहे. मग तो रडायला लागला आणि दर्शनाही रडली. त्या दिवसाचा आनंद खरा होता, त्यात काही खोट नव्हती.

दोन महिन्यांत तो चालायला लागला. कमरेला पट्टा, पुढे वॉकर आणि मागे दर्शना, तिचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. डावी थाप, डावं पाऊल. उजवी थाप, उजवं पाऊल. चाळीतल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी लिंबू-मिरची ओवाळून टाकली.

काय झालंय ते डॉक्टरांना तोपर्यंत कळलं होतं, आणि त्यांचा चेहरा बाकीच्यांइतका खुलला नव्हता. निकेशची स्वतःची इच्छा वीस वर्षांत क्षीण झाली होती, तिची खूण त्या कोऱ्या पेशींपर्यंत धड पोचतच नव्हती. पोचत होती ती खांद्यावरची थाप. खांदा जखमेच्या वर, तिथलं सगळं शाबूत. आधी थाप, लगेच पायाची हालचाल, दिवसातून कितीतरी वेळा. पेशींनी प्रामाणिकपणे त्या दोघांची गाठ मारली. डॉक्टरांनी स्वतः थाप देऊन पाहिली, काही नाही. तंत्रज्ञ मुलीने दिली, नाही. दर्शनाच्या हाताचं वजन आणि ठेका मोजून एक गादी बनवली, ती खांद्याला बांधली; त्याने पाय नुसते थरथरले. हाताची ऊब, तिचा आवाज, तिचं मागे असणं, हे सगळं मिळून ती खूण झाली होती. ती कशी वेगळी करायची ते अजून कोणाला माहीत नव्हतं.

म्हणजे निकेशच्या पायांची किल्ली दर्शना होती. चाळीला हे फार गोड वाटलं. बायका म्हणायच्या, असं भाग्य कोणाला मिळतं. दर्शना हसून मान डोलवायची आणि आतून तिला ओरडावंसं वाटायचं.

कारण आधी निदान दोन तास मिळायचे. कूस बदलली की ती साड्यांना फॉल लावायला बसायची, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, कधी नुसतीच बसायची. आता निकेशला बसायचं नव्हतं. वीस वर्षांचं चालणं त्याला भरून काढायचं होतं. नाक्यावर, सलूनमध्ये, व्यायामशाळेच्या दारात, जुन्या मित्रांच्या घरी. तो उंच, ती बुटकी. हात खांद्यापर्यंत वर धरून चालताना तिचे दंड भरून यायचे. घरी आल्यावर केस विंचरायलाही हात उचलायचा नाही. मित्र त्याच्याशी गप्पा मारायचे आणि ती मागे उभी. खुर्ची द्यायचं कोणाला सुचायचं नाही, कारण निकेश उभा होता आणि निकेश उभा आहे हीच तर मजा होती. माणसं तिच्याकडे बघायची ती खांद्यावरच्या दोन हातांकडे बघितल्यासारखी.

तिची बहीण दीपाली अलिबागजवळ नागावला राहायची. किती वर्षं बोलावत होती, चार दिवस ये आणि नुसती झोप. शस्त्रक्रियेच्या आधी दर्शनाने मनात एक गोष्ट ठरवून ठेवली होती: हे जमलं, तर मी नागावला जाईन आणि एक अख्खी रात्र गजर न लावता झोपेन. त्यापलीकडे तिने काही मागितलं नव्हतं. आता फोनवर दीपालीने विचारलं की दर्शना म्हणायची, बघू. निकेशला रोजच कुठेतरी जायचं असायचं.

‘दमले गं बाई’ ती रोज म्हणायची. रोज म्हटल्यामुळे त्या शब्दांत काही उरलं नव्हतं.

श्रावण लागला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं. पेशींचं शिकणं संपायला अजून तीन-चार महिने आहेत. मग जाळं धरेल आणि थापेची गाठ कायमची पक्की होईल. त्याआधी एक करता येईल. थाप पूर्ण बंद करायची. निकेशने केंद्रातच राहायचं, दर्शनाने समोरही यायचं नाही, आणि रोज फक्त त्याची इच्छा आणि सांगाडा.

‘आधी आहे ते जाईल,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘पाय पुन्हा पडतील. मग तुमची स्वतःची वाट धरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. धरली तर तुम्ही एकटे चालाल. नाही धरली तर खुर्ची.’

निकेशने लगेच नकारार्थी मान हलवली. हातात आलेलं कोण घालवतं, असं म्हणाला, हसतच. आणि आमचं छान चाललंय, असंही म्हणाला. डॉक्टरांनी एकदा दर्शनाकडे पाहिलं आणि निर्णय अर्थात पेशंटचाच, असं सांगून विषय संपवला. दर्शना आपल्या तळहातांकडे बघत बसली होती.

घरी आल्यावर तिने सुरुवात करून पाहिली. ‘निर्णय तुझा, असं त्या म्हणाल्या,’ ती म्हणाली. ‘पण हात माझे आहेत, निकेश.’

‘तुझं-माझं कधीपासून झालं आपल्यात?’ त्याने विचारलं. रागाने नाही, खऱ्या आश्चर्याने.

त्यात वाईट काहीच नव्हतं. ती कुकर लावायला गेली. स्वयंपाकघरात तिला वाटलं, हा दुष्ट असता तर बरं झालं असतं.

गोपाळकाल्याला पथकाने निकेशला मानाने बोलावलं. गाडी चौकाच्या तोंडाशी थांबली आणि तिथून हंडीपर्यंत तो चालत गेला. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. मायकवाल्याने त्याचं नाव घेतलं, मग ‘आणि वहिनींची साथ’ असंही म्हणाला, टाळ्या वाजल्या. डावी थाप, उजवी थाप. वरून कोणीतरी पाणी ओतलं, ते दर्शनाच्या मानेवरून पाठीत उतरलं, पण हात खाली घेऊन पदर सारखा करायची सोय नव्हती. निकेशचा चेहरा तिला दिसत नव्हता. त्याचे खांदे मात्र थरथरत होते, आणि त्या क्षणी तिला त्याची मायाही आली. इतकी वर्षं या माणसाने हा चौक टाळला होता.

त्याला खुर्चीत बसवून ती मागे उभी राहिली आणि पथकाने थर लावायला घेतले. चौथा लागला, पाचवा लागायला आला. सगळ्यात खाली कडेला एक जाडजूड, मध्यम वयाचा माणूस होता. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. दर्शना वर बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याने हात वर नेला आणि वरच्याच्या पावलावर दोनदा थापटलं.

सगळे उतरले. वरून खाली, एकामागून एक, भराभर. हंडी तशीच लटकत राहिली. गर्दीने हुर्यो केली, पथकातली मुलं हसत पाणी प्यायला गेली, आणि त्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. तो ओल्या रस्त्यावर पाय पसरून बसला आणि त्याने डोळे मिटले.

दर्शनाला त्या माणसाचा हेवा वाटला. तिने निकेशकडे पाहिलं. तोही त्याच माणसाकडे बघत होता, पण त्याच्या मनात काय होतं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश खूष होता. लोकांचे फोन येत होते. पाऊस उघडला होता, खाडीकडून मोकळी हवा येत होती. चहा झाल्यावर तो म्हणाला, ‘चल, आज खाडीपर्यंत जाऊ. बांधावर उभं राहून बघायचंय.’ तो खाटेच्या कडेला पाय सोडून बसला. दर्शना पट्ट्याच्या चपला घेऊन त्याच्यासमोर खाली बसली. दंड कालपासून ठणकत होते. डाव्या पायात तिने चप्पल घातली, पट्टा लावला. उजवी हातात घेतली आणि तिथेच थांबली. उभं राहायचं, मग हात वर न्यायचे, मग खाडीपर्यंत, मग परत. आज, उद्या, आणि जाळं धरलं की कायमचंच.

तिने चप्पल बाजूला ठेवली. काही ठरवलं होतं असं नाही. तिने त्याच्या उघड्या उजव्या पावलावर हात ठेवला आणि दोनदा थापटलं.

त्या पायाला वीस वर्षांत काही कळलं नव्हतं. कापूस लावला तरी कुठे ते सांगता येत नव्हतं. तिने मान वर केली नाही. कळणार नाही, असंच तिला वाटत होतं. मग खाट करकरली, आणि तिने पाहिलं तर निकेश आपल्या उजव्या पावलाकडे बघत होता. बरोबर तिथेच, जिथे तिचा हात होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

‘का...’ तो म्हणाला. आणि पुढचे शब्द त्याने गिळले.

बाहेर कोणीतरी त्याला हाक मारत होतं, निकेशदादा, येतोस ना. त्याने ओ दिली नाही.

‘उतरतो,’ तो म्हणाला.

मग त्याने हात लांब करून चाकाची खुर्ची जवळ ओढली. ब्रेक लावला. दोन्ही तळहात खाटेवर रोवून तो सरकायला लागला, थोडा थोडा, धापा टाकत. एकदा तोल गेला तेव्हा दर्शनाचा हात सवयीने त्याच्या खांद्याकडे गेला. त्याने मान हलवून नको म्हटलं. खुर्चीत बसल्यावर त्याने एकेक पाय हाताने उचलून खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवला, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून डॉक्टर सबनीसांना फोन लावला.

दर्शना होती तिथेच फरशीवर मागे टेकून बसली, पाय पसरून. त्याचं फोनवरचं बोलणं तिला ऐकू येत होतं, पण कळून घ्यायची ताकद नव्हती. तिने डोळे मिटले आणि दुपारपर्यंत ती तिथून उठली नाही.